साहेबांचे कोरडे बूट

रंगमावशीच्या वाटेला जायचं नाही, हे छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं कॉमिकच्या पानांत रंग भरणारी बाई. हात गोड, जीभ तिखट.

त्या दिवशी तिच्या टेबलावर खंदकातल्या साध्या शिपायाचं कॉमिक आलं. चित्रं चित्रकाराची, गोष्ट पलटणीच्या एका निवृत्त साहेबांची. गुडघाभर चिखल, कुजलेली पावलं, कपड्यांच्या शिवणीतल्या उवा. पानं बघून मावशी हळहळली. मग आला मोठ्या कानांचा शिपाई, 'ससा'. शत्रू दिसताच तो बंदूक टाकून पळाला आणि साहेबांनी एकट्याने खंदक राखला!

ससा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कानांवरून पलटणीनं ठेवलेलं लाडाचं नाव. त्याचे बूट घेऊन पलटणीचा आचारी घरी आला होता, तेव्हा रडत म्हणाला होता, "ताई, साहेब तीन दिवस खंदकामागच्या पक्क्या खोलीतून बाहेर आला नाही. पोरं तहानेनं तडफडत होती. ससा पाणी आणायला गेला, तो गेलाच."

आणि हा मेला त्याच मढ्याच्या टाळूवरचं लोणी खात होता! काम फेकून द्यावं असं मावशीला वाटलं. मग तिनं पदर खोचला. "फेकते कशाला? दाखवतेच याला."

घरी जाऊन तिनं पेटीतले बूट काढले. त्यांना तिनं कधी पाणी लावलं नव्हतं. वाळलेला चिखल राखाडी, किंचित हिरवट. त्याच्याशी ताडून तिनं रंग कालवला आणि पानोपानी एकेक शिपाई गुडघ्यापर्यंत माखला. ससा तर कमरेपर्यंत. साहेबांचे बूट मात्र काळेभोर, लखलखीत.

साहेब पानं तपासायला आले. स्वतःचा चेहरा तेवढा पाहिला. गालांवरची लाली बघून स्वारी खूश.

"मावशी, जादू आहे हो तुमच्या हातात!"

"तुमचीच कृपा," मावशी म्हणाली. मनात म्हणाली, थांब लेका.

प्रकाशनाला पलटणीतले म्हातारे पहिल्या रांगेत बसले होते. पानं उलटता उलटता एकजण ओरडला, "अरे, हाच तो चिखल! अगदी हाच!" दुसऱ्यानं चष्मा वर सरकवला. "साहेब, तुमचे बूट कुठल्या खंदकात होते हो?" सगळी रांग खो खो हसली. मग आचारी उठला आणि सशाच्या पाण्याची गोष्ट त्यानं भर सभेत सांगून टाकली. मागच्या खुर्चीवर मावशी डोळे न पुसता ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत छापखान्यात आले. "पुढच्या आवृत्तीत माझ्या बुटांना चिखल पाहिजे! समजलं?"

मावशीनं टेबलाखालची पिशवी उघडली आणि भावाचे बूट त्यांच्यासमोर ठेवले.

"घ्या, खरवडून लावा. माझ्या भावानं तुमच्याही वाटचा आणून ठेवलाय."

साहेबांचा हात काही पुढे आला नाही.