पुढं गेलेली टोपली

उकडलेल्या करांद्यांचा, आमच्या डोंगरातल्या त्या रानकंदांचा, वास मला आता येत नाही. शहरात, कॅम्प चारच्या फर्निचर कारखान्यात पॉलिश मारता मारता नाकातले सगळे ऋतू निघून गेले. तरी मार्गशीर्षातलं कोवळं ऊन उंबऱ्यावर उतरलं की तो मातकट, धुरकट, शेवटी जरासा कडवट वास आठवतो.

बारवीकडच्या डोंगरातली आमची ठाकरवाडी मी सोडली ती तिकडचा म्हणवून घ्यायचं नाही असं ठरवूनच. शिक्षण चौथीपर्यंत, पण हट्टात मी कुणाला हार गेलो नाही. मुलगी हिरी, शाळेत तिला हेमलता केली, आडनाव बदललं, घरात वाडीची बोली बंद केली. चौदा वर्षांची ती पोर आरशासमोर उभी राहून ते नाव पुटपुटायची, दुसरीचं झंपर अंगाला लावून बघावं तशी. मला वाटायचं, बापानं आणखी काय द्यायचं असतं?

मार्गशीर्षातल्या अशाच एका सकाळी माझी धाकटी बहीण यमू वाडीवरून चालत आली. डोक्यावर करांद्यांची टोपली, भाचीसाठी. नेमकी शेजारची सिंधी दादी दारात गप्पा मारत उभी.

"कौन है, भाऊ?"

"करांदेवाली है," मी म्हणालो, आणि यमूकडे न बघता, "आज नको बाई, पुढं जा."

यमू थबकली. मग भावाची अब्रू राखायला तिनंच टोपली सावरली आणि गल्लीभर हाळी देत गेली, "करांदे घ्याऽ करांदेऽ!" दाराआडून हिरी बघत होती.

तेव्हापासून तिचं अन्न तुटलं. मनगटं काटक्यांसारखी झाली, वेणी विरळ झाली, शाळेत घेरी येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. त्यांनी दिलेल्या गोळ्या उशीखाली सापडल्या. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाली, "बाबा, उद्या माझ्याबद्दल कुणी विचारलं, तर कोण म्हणून सांगाल?"

राग आला नाही, रडूही नाही. लाकडावर पॉलिशचा शेवटचा हात बसावा तसं आत काहीतरी गुळगुळीत होऊन बंद झालं.

माघ सरता सरता मीच तिला वाडीवर नेलं. यमूनं बियाण्याला राखलेले करांदे चुलीवर चढवले. "खा, हिरे," एवढंच बोलली. पोर सालीसकट खात सुटली. मी अंगणातच उभा. यमू टोपली घेऊन बाहेर आली.

"घ्यायचे का, सायेब? का जाऊ पुढं?"

हिरी खुदकन हसली, कित्येक दिवसांनी. मीही हसायला हवं होतं. एक करांदा हातात घेतला. कढत असणार, बोटं लाल झाली होती, मला मात्र काही कळलं नाही.

शेजारच्या पोरीनं कुडाआडून विचारलं, "ह्यो कोन गं?"

"माझे बाबा," हिरी म्हणाली.

आणि मी मागं वळून पाहिलं, कोण उभं आहे ते.