मायनं बाटलीत ठेवलेला तुकडा

माझ्या अक्कावर अन्याय झाला. लातूर जिल्हा झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात, चौदा एप्रिलच्या जयंतीला बरोबर नऊ दिवस असताना, सकाळी टँकर आला त्या वेळेला, रेणापूरजवळच्या आमच्या गावात, वीसेक बायकांच्या देखत. आरोप करणारी परकी नव्हती. अक्काची सासू, म्हणजे आमची सख्खी आत्या.

हे नीट लिहून ठेवते, कारण अशा गोष्टींना कुणी दिवस-वेळ लावत नाही. "बायकांचं काहीतरी" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

एरवी अक्का पाळीचे कपडे ओढ्यावर धुवायची. एकटी, सगळ्यांचं आटपल्यावर. त्या वर्षी ओढ्यात नुसती वाळू. प्यायला आणलेल्या घागरीतलं पाणी त्या कपड्यावर कोण ओतू देईल? टँकरच्या गळक्या तोटीखाली डबकं साचायचं, तेवढंच तिच्या वाटचं. तिथं ती बायकांकडं पाठ करून बसली. दोन दिवस पोट असं दुखत होतं की वाकूनच चालायची. तिनं कपडा उलगडला आणि एक तुकडा चिखलात पडला. रक्ताची गाठ नव्हे. फिकट गुलाबी, मांसासारखा, बोटाएवढा लांब, वर रुंद आणि खाली निमुळता, पिशवीसारखा.

"अगं बया, पडलं की हिचं!" कुणीतरी ओरडलं.

आत्या घागर ठेवून आली. वाकून पाहिलं. "माझा लेक दिवाळीपासून विष्णुपुरीला धरणाच्या कामावर हाय. एकदाबी घरी आला न्हाई. मग हे कुणाचं गं?"

"आत्या, मी काहीच केलं न्हाई."

"आत्या म्हणू नको मला. जयंतीला येणार हाय तो. त्याच्यासमोर फैसला होऊ दे. तोवर मायकडं जाऊन बस."

मी तेव्हा आठवीत. धावत जाऊन मायला घेऊन आले. मला वाटलं, आता नणंद-भावजयीची जुंपणार. माय सरळ डबक्याकडं गेली. खाली बसली, चिखलातला तुकडा दोन बोटांनी उचलला, तोटीखाली धरून धुतला.

"वैनी, पुरून टाका ते. गावभर दाखवू नका," आत्या म्हणाली.

"पुरत न्हाई," माय म्हणाली. "इचारून येते."

घरी औषधाची रिकामी काचेची बाटली होती. त्यात तुकडा ठेवून झाकण लावलं, फडक्यात गुंडाळलं, आणि आम्ही तिघी निघालो. रेणापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाटली उजेडात धरली. नाक मुरडलं नाही. "बरं झालं, टाकलं नाही," म्हणाल्या. बाटलीत कसलंसं औषध ओतलं, चिठ्ठी लिहिली आणि लातूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

एसटीत अक्का खिडकीला डोकं टेकून बसली होती. माय पुढच्या सीटकडं बघत बोलायला लागली. "तुमच्या दोघींच्या मधी मलाबी असंच पडलं होतं. बाभळीखाली पुरलं. लेकरू गेलं म्हणून वरीसभर रडले. इचारलं न्हाई कुणाला."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरवला. अक्काला तपासलं, लघवी तपासायला पाठवली. मग आम्हाला जवळ बोलावलं. "या, बघा. घाबरू नका, तुमच्याच अंगातलं आहे."

त्यांनी सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. गर्भाशयाला आतून दर महिन्याला अस्तर चढतं. गर्भ राहिला नाही की ते सुटतं आणि रक्तासोबत बारीक तुकड्यांनी निघून जातं, बाईला कळतही नाही. क्वचित सगळं अस्तर एकाच तुकड्यात सुटतं, म्हणून असा पिशवीचा आकार, म्हणून इतक्या कळा. काळ्या-लाल गाठी वेगळ्या. ते साठून थिजलेलं रक्त, बोटानं चेपलं की पसरतं. बोराएवढी एखादी पडली तर चालतं. लिंबाएवढ्या पडायला लागल्या, तासा-तासाला कपडा भिजला, चक्कर आली, तर दवाखाना.

"म्हणजे लेकरू न्हाई हे?" मायनं विचारलं.

"मला तसं वाटत नाही. पण नुसत्या डोळ्यांनी बघून मी शपथ घेणार नाही. तुकडा तपासायला पाठवते." मग त्यांचा आवाज चढला. "आणि समजा असतं, तरी अशी पोरगी चिखलात का बसली होती? आधी इथं आणायचं. बाकीचं नंतर बोला."

मायनं हळूच बाभळीखालचं विचारलं.

"असेल, नसेल. आता नाही सांगता येणार, बाई."

"हाव," माय म्हणाली. "म्हणूनच हे आणलं."

आठवीच्या पुस्तकात बेडकाच्या पोटातलं सगळं होतं. आतड्यांची लांबीसुद्धा. माझ्या पोटातलं एका अनोळखी बाईनं ट्रेमध्ये दाखवलं, तेव्हा कळलं. आज मी पत्रकं लिहिते, सभांत तावातावानं बोलते. पण त्या डॉक्टरीणबाईंची, त्या नर्सबाईंची आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या मायची आठवण झाली की माझा राग विरतो. त्या तिघींचं फार देणं लागते मी.

जयंतीच्या आदल्या दिवशी कागद आला. इंग्रजीत होता. नर्सबाईंनी खाली मराठीत लिहून दिलं: गर्भाचा अंश नाही, गर्भाशयाचं अस्तर. दुसऱ्या दिवशी दाजी आले, निळे झेंडे लागले होते, आणि मी आत्याच्या दारात उभी राहून तो कागद मोठ्यानं वाचला. दोनदा.

दाजींनी कागद हातात घेतला. अक्काला एवढंच विचारलं, "लई दुखलं का गं?" अक्का त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा रडली.

आत्या उंबऱ्यावर बसली. माफी मागितली नाही तिनं. कागदाकडं बघत म्हणाली, "चार लेकरं झाली मला. मग हे मला कुणी का सांगितलं न्हाई?"

तिच्यावरचा माझा राग तिथं संपला. तो आता तुमच्यावर आहे, हे वाचू शकणाऱ्यांवर. तुमच्या घरात पाळी येणारी मुलगी आहे, सून आहे, बहीण आहे. तिच्या अंगातून काय पडतं, ते तिला आज सांगा. गाठ कोणती, अस्तर कोणतं, दवाखान्यात कधी जायचं. वेगळं काही पडलं तर ते बाटलीत ठेवा, तिला घेऊन निघा, आणि कुणाचं म्हणून विचारू नका. हा कागद बाजूला ठेवा. आधी उठा आणि तिला सांगा.