प्रवाळाच्या आतलं पाणी

कॅप्टन तोमासी डोळे मिटून ऐकायचे. जहाजं बांधणाऱ्या एका कंपनीच्या तोक्योतल्या ऑफिसात मी दुभाषी म्हणून पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले, तेव्हा मला वाटलं, प्रवासानं दमून झोपलेच. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र गस्ती जहाजाची चित्रं सरकत होती. शेवटी डोळे उघडून त्यांनी एवढंच विचारलं, "आमच्या बेटांभोवती प्रवाळाचं कडं आहे. ओहोटीला आत कमरेइतकं पाणी. हे जहाज आत कसं येणार?"

मी ते जपानीत सांगितलं. कुणीतरी पडद्यावर पुन्हा पहिलं चित्र लावलं.

प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशाच्या संरक्षण दलातले ते अधिकारी. दल इतकं लहान, की सगळे एकमेकांना नावानं ओळखत. नवं जहाज कोणतं घ्यावं हे सुचवायला त्यांना वर्षभर इथं पाठवलं होतं. तोक्योतल्याच ओजिमा भागात, आमच्याच इमारतीत त्यांना घर मिळालं. मी देवगडची. माशांच्या कालवणानं ओळख वाढली. "डब्यातला नारळ," घास घेऊन ते म्हणायचे, "आजारी माणसासारखा लागतो." रविवारी ते, मी आणि त्यांना जपानी रीतीनं 'तोमासी-सान' म्हणणारी माझी लहान मुलगी नदीच्या बांधावर जायचो. ते वारा हुंगायचे. "मीठ कमी आहे, मॅडम." देवगड सोडल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

तिथंच एकदा त्यांनी बहिणीचं सांगितलं. वादळानंतर ती बाळंतपणात अडलेली, आणि दलाचं जुनं जहाज कड्याबाहेर उभं. "किनाऱ्यावरून तिला ते दिसत होतं." तिच्यापर्यंत कुणी पोचलं नाही; ती गेली.

मोठं जहाज नको, किनाऱ्याला लागतील अशा दोन लहान बोटी घ्या, असं त्यांनी सरकारला कळवलं. राजधानीतून उत्तर आलं: मोठंच घ्यायचं, शेजारच्या देशांकडे तसंच आहे. वर त्याचे कप्तान म्हणून नेमणूक त्यांचीच.

"नाही म्हणा ना!" मी चिडून म्हणाले.

"दुसरा कोणी गेला, तर तो कड्यापाशी थांबेल."

विमानतळावर निरोप घेताना म्हणाले, "देवगडला जाऊन आईला भेटून या, मॅडम. फोनवर समुद्राचा वास येत नाही."

नवं जहाज बांधून तिकडं पोचल्यावर पहिल्याच वादळी मोसमात एका सकाळी त्यांचा फोन आला. मी स्टेशनच्या जिन्यात होते. जहाज कड्याबाहेर ठेवून ते स्वतः कोळ्यांच्या होडीतून आत गेले होते आणि दोन बायकांना, एका म्हाताऱ्याला सुखरूप घेऊन आले होते. आवाज बसला होता, पण खुशीत होते.

"आणि जहाज कसं आहे?"

"किनाऱ्यावरून फार सुंदर दिसतं."

तो त्यांचा शेवटचा फोन. कप्तानानं जहाज सोडलं म्हणून त्यांना दलातून काढल्याचं नंतर कंपनीत कळलं. नंबर बंद झाला.

त्या वर्षी मी मुलीला घेऊन देवगडला गेले. घोटाभर पाण्यात उभं राहून तिनं विचारलं, "आई, तोमासी-सान याच्या पलीकडे राहतात ना?"

समुद्र वेगळा आहे, हे मला माहीत होतं. तरी मी हो म्हणाले. मग तिनं दोन्ही हात वर करून हलवले, आणि थोड्या वेळानं मीही.