निरंक

आईचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी सरळच सांगितलं, इथली धूळ यांना मानवणार नाही. तेव्हापासून ती साताऱ्याकडे माझ्या भावाच्या घरी, आणि मी इथे करंजाड्यात एकटी. माझी नोकरी काय, तर उपग्रहाने टिपलेल्या माहितीवरून हवेतल्या बारीक कणांचा हिशेब लावायचा. ज्या हवेवर माझं पोट चालतं, तिच्यापायीच आई घरात नाही.

दर आठवड्याला मी आमच्या भागाच्या हवेचा तक्ता तिला मोबाइलवर पाठवायचे. "हवा सुधारली की न्यायला येते," असं मीच कबूल करून बसले होते. गेल्या पावसाळ्यात आठवडाभर ढग हटेनात. ढग असले की उपग्रहाला खालचं काही दिसत नाही, त्या दिवसाचा रकाना रिकामा राहतो. पण आई बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून होती. लहानपणापासून ऐकत आले, "नोंदवायला काही नसलं तरी कोरा रकाना सोडू नये, निरंक लिहावं." हाताच्या सवयीने मी सातही रकान्यांत निरंक लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. "अगं, आठवडाभर धूळ निरंक? मग येते की मी. पिशवी भरलीय."

काय घोळ झालाय ते माझ्या लगेच लक्षात आलं. दिसलं नाही म्हणजे नव्हतंच, असं थोडंच असतं? एका वाक्याचं काम होतं. नाही सांगितलं. तिच्या हातची आमटी खाऊन वर्ष झालं होतं, खोटं कशाला बोलू.

ती आली. आल्या आल्या माझे डबे घासले, सोसायटीतल्या बायकांची खबर घेतली, मला दोनदा झापलं. चार दिवस घर घरासारखं वाटलं. पाचव्या दिवशी ऊन पडलं, समोरच्या बांधकामावर डंपर सुरू झाले आणि दुपारपर्यंत तिची छाती वाजायला लागली. पंप हातात घेऊन ती पलंगावर बसलेली. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

जरा दम खाऊन ती म्हणाली, "उभी नोकरी निरंक लिहिण्यात गेली माझी. त्याच्याखाली काय काय झाकलेलं असतं, ते मला शिकवतेस? ढगांत तुझ्या उपग्रहाला दिसत नाही, हे तूच सांगितलं होतंस मला."

भाऊ येऊन तिला घेऊन गेला. आता ढगाळ दिवसाचा रकाना मी कोराच ठेवते. कालही ठेवला. तक्ता पोचल्या पोचल्या तिचा फोन आला.

"कोरा कशाला सोडलास गं? निरंक लिही की."