ब्रेकवरचा पाय

पलटणीत त्याला सगळे सारथी म्हणत. नाव भारदस्त, पण काम एकच: टपावर रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं लादलेली चिलखती गाडी सांगितल्या जागी नेऊन उभी करायची आणि मग गप्प बसायचं. क्षेपणास्त्र सोडायचा तो मागे बसलेला नेमबाज. आणि हा नेमबाज सारथ्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. खरं दुखणं तेच होतं.

घरी दाजींच्या कौतुकाला ऊत आलेला असायचा. सारथ्याची आई आल्यागेल्याला सांगायची, "आमचे जावई क्षेपणास्त्र सोडतात." आणि मुलगा काय करतो, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "तो असतो ना सोबत." ते ऐकून सारथ्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नेमबाजाची परीक्षा तोही पास झाला होता. पण गाडीत नेमबाजाची खुर्ची एकच, आणि तिच्यात दाजी ऐसपैस बसलेले.

त्यातून दाजी स्वभावाने चांगले. कधी टोमणा नाही, कधी तोरा नाही. जरा शिष्ट असते तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. तीही सोय या माणसाने ठेवली नव्हती.

खरं क्षेपणास्त्र महागडं, त्यामुळे सरावात वर्षाला एकच वाट्याला यायचं. या वर्षी साहेबांनी आधीच बजावलं होतं, "नेम चुकला तर खुर्ची बदलेन." बदलून ती कुणाला मिळणार, हे सांगायला सारथ्याला ज्योतिषी नको होता.

त्या दिवशी त्याने गाडी टेकाडाच्या उतारावर उभी केली आणि डोक्यावरचं झाकण लावून घेतलं. पायाने ब्रेक दाबला. हँडब्रेक मात्र ओढला नाही. का नाही, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

या क्षेपणास्त्रामागे केसासारखी बारीक तार उलगडत जाते. ते आदळेपर्यंत नेमबाजाने दुर्बिणीतली फुली लक्ष्यावर धरून ठेवायची, आणि तारेतून मिळणाऱ्या इशाऱ्यावर ते वळत राहतं. तेवढा वेळ गाडी तसूभरही हलता कामा नये. ते सांभाळायचं काम सारथ्याचं.

टपावर धडाका झाला. धुरळ्याने पुढची काच आंधळी झाली. सारथ्याला आईचा आवाज ऐकू आला, तो असतो ना सोबत. त्याने पाय सैल सोडला.

गाडी वीतभर पुढे सरकली. त्याने लगेच ब्रेक करकचून दाबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग लांबून स्फोट ऐकू आला, आणि पाठोपाठ वायरलेसवर साहेब.

"मधोमध लागलं. शाब्बास."

बाहेर सगळ्यांनी दाजींना गराडा घातला. साहेब म्हणाले, "मध्येच जरा भरकटल्यासारखं वाटलं. गाडी हलली का?"

सारथी पुढच्या काचेवरचा धुरळा पुसू लागला.

"नाही साहेब," दाजी म्हणाले. "गाडी खिळून उभी होती. निम्मं श्रेय याचं."

साहेबांनी सारथ्याची पाठ थोपटली. ती थाप त्याला चपराकीसारखी लागली.

नेम लागला की नेमबाजाने मैदानात पडलेल्या तारेचा तुकडा घरी न्यायचा, अशी पलटणीची रीत. दाजींनी तो बोटाभोवती गुंडाळून सारथ्याच्या हातावर ठेवला. "हा या वेळी तू दे आईंना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि पुन्हा कधी पाय भरून आला तर आधी सांग. मी थांबेन."

सारथ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आतली आग काही विझली नाही. खुर्चीचा हेवा होताच, आता त्यात या चांगुलपणाच्या हेव्याची भर पडली.

घरी आईने कपाट उघडून ती तार आधीच्या तारांशेजारी ठेवली. "जावयांचीच ना?"

"हो," तो म्हणाला. "मी होतो सोबत."