चादरीवरचे पक्षी

सुंदरम्माबाई मूळच्या मंद्रूपच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, अशा वाढलेल्या. सोलापुरात बी.एस्सी. करून त्या पूर्व भागातल्या मुलींच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवू लागल्या. आवाज खणखणीत, पदर कायम खोचलेला. शिकवताना एखादा मराठी शब्द अडला तर सरळ पोरींनाच विचारायच्या. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

ही गोष्ट शहात्तर सालची. दहावीला उत्क्रांतीचा धडा होता. बाकीचे शिक्षक तो वाचून दाखवून मोकळे व्हायचे. बाईंना ते पटेना. सगळ्या जमातीत पिढ्यानपिढ्या बदल होतो म्हणजे काय होतं, हे पोरींना डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

म्हणून त्यांनी घरची तांबडी चादर वर्गात जमिनीवर अंथरली. तिच्यावर पांढऱ्या, हिरव्या आणि तांबड्या दोऱ्याचे बोटभर तुकडे सारखेच विखुरले. दोरे म्हणजे किडे, पोरी म्हणजे पक्षी. टाळी वाजेपर्यंत दिसतील ते किडे टिपायचे. जे उरतील त्यांना पिल्लं होणार, म्हणजे बाई त्याच रंगाचे आणखी दोरे टाकणार. चार-पाच पिढ्यांत चादरीवर तांबड्यांचंच राज्य होईल, असा बाईंचा अंदाज.

झालं भलतंच. शेवटच्या पिढीलाही तिन्ही रंग जवळजवळ सारखेच उरले. वर्ग बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

"माझं कुठंतरी चुकलंय," बाई म्हणाल्या. "काय चुकलं ते आज मला माहीत नाही. उद्या बघू."

स्टाफरूममध्ये हे ऐकून गणिताचे सर हसले. "अहो बाई, पुस्तकात आहेत तसे आकडे फळ्यावर टाका की. पोरींना काय कळतंय?"

"आणि उद्या त्यांना कोणत्या तोंडानं सांगू, की स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणून?" बाईंनी कप खाली ठेवला आणि वह्या उचलून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळ पुन्हा मांडला. या वेळी मात्र पोरींना लगेच मुठी उघडू दिल्या नाहीत. प्रत्येकीसमोर जाऊन स्वतः बघितलं. वच्छला ही मोडनिंबची, शिकायला मामाकडे राहिलेली. तिच्या मुठीत सगळे पांढरे आणि हिरवेच निघाले.

"तांबडा एकही नाही?"

"मला दिसलंच न्हाईत की बाई!"

शेजारच्या नरसम्माच्या मुठीत तिन्ही रंग होते. तिच्या घरी मागावर चादरी निघायच्या.

"तुला तांबडे कसे दिसले गं?"

"दिसतात की, बाई. चादरीतला दोरा पिळाचा हाय, ह्यो सैल हाय. घरी तुटका दोरा मीच हुडकते."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि खळखळून हसल्या. वर्गातल्या बहुतेक पोरी विणकरांच्या. असल्या नजरेपुढे तांबडा दोरा लपणार तरी कसा?

त्यांनी वर्गाचे दोन थवे केले. चादर एकच, म्हणून आधी विणकरांच्या पोरी बसल्या, मग उरलेल्या. पहिल्या थव्यानं टिपलं तेव्हा तिन्ही रंग शेवटपर्यंत टिकले. दुसऱ्या थव्याच्या वेळी पांढरे गेले, मग हिरवे विरळ झाले, आणि अखेर दोरे कुठं आणि चादर कुठं ते कळेना.

"आता सांगा," बाईंनी विचारलं, "पांढरा दोरा तांबडा झाला का?"

"न्हाय, बाई," वच्छला उठून म्हणाली. "पांढरं खाल्लं गेलं. तांबडं वाचलं, त्यांचीच पोरंबाळं वाढली."

"एकतरी दोरा बदलला?"

"एक बी न्हाय. सगळ्यांची मिळून जी जमात हाय, ती बदलली."

हे वाक्य बाईंनी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. त्यांना स्वतःला धडा इतका नीट कधी सांगता आला नव्हता. कालचे फसलेले आकडेही त्यांनी शेजारीच मांडले. किडा कोणता टिकेल हे त्याच्या नुसत्या रंगावर नाही, टिपणारा कोण आहे त्यावरही ठरतं, हे त्या आकड्यांमुळंच तर कळलं होतं.

घंटा झाली. पोरी दप्तरं उचलू लागल्या, पण नरसम्मा चादरीपाशीच बसून राहिली.

"बाई, काल आमच्यासारखी पाखरं लई होती. एखाद्या रानात ती थोडीच असली आन् बाकीची लई, तर? मग कोण उरंल?"

"मला नाही माहीत," सुंदरम्माबाई म्हणाल्या, आणि जमिनीवर बसत दोऱ्यांचे तुकडे रंगवार वेचू लागल्या. "ये, करून बघू."