कंदाला माती नको: धाडच्या एका टाकीपर्यंत

ताईचा फोन आला नसता तर मी त्या आठवड्यात दापोलीला असते. "यायच्या टाकीतली झाडं सडून राह्यली. टाकी विकून टाक म्हंतात," ती भाऊजींबद्दल म्हणाली. भाऊजींनी जन्मभर हळद-आलं पिकवलं. गुडघे गेले तसं वावर बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं, आणि पुण्याला जाताना भाचा ठेवून गेला ती माशांची टाकी हेच त्यांचं सकाळी उठायचं कारण उरलं. टाकी गेली तर हा माणूस खाट धरेल, ही ताईची धास्ती. माझ्या घरी तीन टाक्या, त्यामुळे खानदानात झाडांची डॉक्टर मीच!

नाशिकहून जाणाऱ्यांनी रेल्वेने मलकापूरला उतरावं, बुलढाण्यापर्यंत गाडी जातच नाही. पुढे एसटी. मोताळा सोडलं की राजूर घाट लागतो, खिडकी आधीच धरून ठेवा. बुलढाण्याच्या स्टँडवर चहा-पोहे स्वस्तात होतात आणि ताईच्या गावाची, धाडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. मांडीवर माझा डबा: दगडाला धरलेलं अनुबियास, माशांच्या टाकीत लावतात ते झाड, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. डब्यात पाणी भरू नका, प्रवासात हिंदकळून सगळं सामान भिजतं. शेजारच्या आजीबाईंनी डब्यात काय आहे विचारलं. पाण्यातलं झाड म्हटल्यावर त्या मला वेडीच समजल्या असाव्यात.

ताईनं गरम भाकरी आणि ठेचा पुढे केला, पण माझं लक्ष टाकीकडे. मासे झकास होते. झाडं मात्र पिवळी, आणि प्रत्येकाच्या बुडाशी मातीचा नीटस उंचवटा. मला कळलंच. भाऊजींनी हळदीला लावतात तशी अनुबियासला भर लावली होती, तीही दर पंधरवड्याला, मायेनं. कंद बोटानं दाबला तर लगदा झाला. शेवटच्या झाडाचा करंगळीएवढा तुकडा तेवढा कडक निघाला, त्यावर एकच पान.

हा कंद उघडा ठेवायचा, फक्त मुळं खाली जाऊ द्यायची, असं मी सांगितलं. भाऊजी पटकन मानणारे नव्हेत.

"कंद उघडा पडला त लोक शेतकऱ्याले हसतात, सुनंदा."

मी डबा उघडला, माझं झाड पानांना धरून उचललं. मुठीएवढा दगड सोबत वर आला! मुळं त्याला अशी बिलगली होती की कुठे बोट घालायला जागा नाही. मी हे रोज बघते, पण त्या घरात, जिथे मुळं म्हणजे मातीच, तिथे माझ्याही अंगावर काटा आला. भाऊजींनी दगड उलटासुलटा करून पाहिला.

मग काठी मागितली. दगड आपल्या वावरातलाच पाहिजे म्हणाले. ताई नको नको म्हणत राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते बांधापर्यंत आले, वर्षात पहिल्यांदा. काळ्या धोंड्यांच्या राशीतून एक खडबडीत निवडला.

"जिंदगीभर हे वेचू वेचू बाहीर फेकले," ते हसत म्हणाले.

माझं धडधाकट झाड त्यांना नकोच होतं. आपला तुकडाच ताईच्या शिवणाच्या दोऱ्यानं त्यांनी धोंड्यावर बांधला. तो जगेल असं मी छातीठोकपणे सांगू शकले नाही. सकाळी निघाले तेव्हा ते टाकीपुढेच बसले होते.

अनुबियास फार सावकाश वाढतं, त्यामुळे घरी आल्यावर मी फोन करायलाही भ्यायचे. हिवाळा सरत आला तेव्हा भाऊजींचाच आला.

"दोरा काढला. पान धरून उचललं, त धोंडा संगं आला."

 म्हटलं, टाकीपुढे फोन नेऊन दाखवा ना. तर म्हणाले, घरी कुठं हाय मी, धोंडे पाहाले वावरात आलो, आणखी दोन झाडं मागवली.